कुंडी विकत घेण्याआधी: बागेचं जुनं सामान स्वस्तात किंवा फुकट कसं मिळवायचं

गच्चीवर किंवा बाल्कनीत बाग करायची म्हटलं की खरा खर्च रोपांचा नसतो, कुंड्यांचा आणि मातीचा असतो. आणि शहरात नेमक्या याच गोष्टी रोज टाकून दिल्या जातात. रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, आंब्याच्या पेट्या, पोत्यांनी भरलेला पालापाचोळा, उसाची चिपाडं, सगळं कुणाच्या तरी दारात अडगळ होऊन पडलेलं असतं. कुणाकडे, कोणत्या महिन्यात, काय निघतं एवढं कळलं की बरीचशी बाग जवळजवळ फुकटात उभी राहते. मात्र प्रत्येक वस्तू उचलताना एक प्रश्न विचारायचाच: यात आधी काय होतं? उत्तर मिळालं नाही, तर ती कितीही भक्कम आणि सुबक असली तरी तिथेच सोडायची.

आधी काय लावणार ते ठरवा

फुकट मिळतंय म्हणून गोळा केलं की बागेआधी अडगळच तयार होते. म्हणून एका कागदावर काय लावायचंय ते लिहा आणि पुढे मातीची किती खोली लागेल ते लिहा. कोथिंबीर, मेथी, पालक, पुदिना यांना सहा ते आठ इंच पुरतात. मिरची, वांगी, टोमॅटो यांना किमान बारा इंच हवेत. कढीपत्ता, लिंबू, जास्वंद यांना दीड फूट, आणि रुंदीही तेवढीच. पालेभाजीला उथळ आणि पसरट भांडं लागतं, फळभाजीला खोल. एवढं डोक्यात असलं की भंगाराच्या दुकानात उभं राहिल्यावर कशाकडे बघायचं ते आपोआप कळतं.

डबे, बादल्या, ड्रम: कुणाकडे मागायचे

पहिला मान खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या डब्यांना, कारण त्यांचा इतिहास स्वच्छ असतो. मिठाईच्या दुकानात आणि डेअरीत दह्या-श्रीखंडाच्या झाकणाच्या बादल्या, बेकरीत जॅम आणि क्रीमचे डबे, केटररकडे लोणच्याचे कॅन. सकाळच्या गर्दीत जाऊ नका. दुपारी दोन ते चारच्या सुमारास दुकान निवांत असतं. "काका, रिकाम्या बादल्यांचं काय करता? मला झाडं लावायला दोन-तीन हव्या होत्या," एवढं सरळ विचारलं की बहुतेक ठिकाणी काम होतं. काही दुकानदार त्या विकतात. तसं असेल तर त्यांचा भाव द्या आणि आपला नंबर ठेवून या. पुढच्या वेळी त्यांचाच फोन येतो.

तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा ही माझी सगळ्यात आवडती कुंडी. वडापावची गाडी, फरसाणवाला, खानावळ, लग्नाचं कार्यालय, सगळीकडे हे डबे निघतात. बहुतेक लोक डब्याचं वरचं तोंड कापून तो उभा वापरतात. पालेभाजीसाठी तो आडवा करा. लांबट बाजूंपैकी एक बाजू कापून काढली की साधारण चौदा इंच लांब, नऊ इंच रुंद आणि नऊ इंच खोल असा छान हौद मिळतो. मेथीला याहून सोयीचं काही नाही. कापताना कडेला अर्धा इंच पत्रा राखायचा आणि तो हातोडीने आत दुमडून चपटा करायचा, नाहीतर पाणी घालताना हात कापतो. पत्रा एक-दोन पावसाळ्यांत गंजतो. बाहेरून रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या लाल रंगाचा हात मारला आणि डबा विटांवर ठेवला तर आणखी टिकतो.

रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या दिवाळीच्या आधीच्या महिन्याभरात मुबलक मिळतात. सोसायटीत कुणाकडे रंगकाम चालू दिसलं की रंगाऱ्यालाच विचारा. घरमालकाला त्या बादल्यांचं काही नसतं, त्या बहुतेक वेळा रंगारीच नेतात. या प्लास्टिकच्या बादल्यांत सहसा पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग किंवा प्रायमर असतो. आत रंग ओला असेल तर तो धुऊन गटारात सोडू नका. बादली उन्हात उघडी ठेवा. रंग पूर्ण वाळला की त्याचा पापुद्रा नखाने किंवा कालथ्याने धरून अख्खा ओढून काढता येतो. मग साबणाने घासा. तरीही मी या बादल्या फुलझाडांसाठी आणि शोभेच्या झाडांसाठीच वापरते, पालेभाजी खाण्याच्या डब्यांत.

ऑइल पेंटचे जुने डबे मात्र नकोच. रंगातल्या विषारी शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याचा भरवसा नाही. हाच विचार रंगवलेल्या जुन्या खिडक्या-दारांच्या फळ्यांनाही लावा. त्यांचे वाफे भाजीसाठी करू नयेत.

दुरुस्तीची दुकानं बहुतेकांच्या लक्षातच येत नाहीत. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे स्टीलचा आतला ड्रम मिळाला तर सोडू नका. त्याला सगळीकडून भोकं असतात, तो गंजत नाही आणि लिंबासारख्या झाडालाही पुरतो. स्टील असल्यामुळे भंगारात त्याला चांगला भाव येतो, म्हणून तो फुकट मिळणार नाही, पण त्या मापाच्या नव्या कुंडीपेक्षा स्वस्त पडतो. फ्रिजचा भाजीचा ट्रे, कूलरची टाकी, प्लंबरने काढून ठेवलेलं किचन सिंक हेही चालतं. सिंकला तर पाणी जायची वाट आधीच असते.

मासळीबाजारातून थर्माकोलची खोकी आणता येतात. ती हलकी असतात, त्यामुळे ज्या बाल्कनीवर फार वजन टाकायचं नाही तिथे उपयोगी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यांचा आणखी एक फायदा होतो. प्लास्टिकची काळी कुंडी दुपारी चटका बसेल इतकी तापते, थर्माकोलमध्ये मुळं त्या मानाने गार राहतात. पण थर्माकोल उन्हाने भुसभुशीत होऊन त्याचे मणी सुटायला लागतात आणि सगळीकडे उडतात. म्हणून खोक्याभोवती जुनं पोतं गुंडाळा किंवा बाहेरून चुना लावा. वासासाठी खाण्याचा सोडा टाकलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून दोन दिवस कडक उन्हात ठेवलं की बरंच काम होतं.

एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या लाकडी पेट्या निघतात. फळवाल्याला आधी सांगून ठेवा. आत पोतं अंथरलं की पालेभाजीचा एक हंगाम आरामात निघतो. बाजारातले प्लास्टिकचे क्रेट मात्र कुणी सोडून दिलेत असं समजून उचलू नका. ते व्यापाऱ्याचे असतात आणि परत जायचे असतात.

भंगारवाल्याशी व्यवहार

भंगाराच्या दुकानात माल किलोवर घेतला जातो आणि किलोवरच पुढे जातो. रंगाची रिकामी बादली किलोभराच्या आसपास भरते. म्हणजे भंगारवाल्याला तिच्यातून किलोभर प्लास्टिकचेच पैसे मिळणार असतात. "दादा, किलोला काय भाव देतात पुढे? मी त्याच्या वर देतो," असं म्हटलं तर त्याचाही फायदा आणि तुम्हालाही बादली नव्या कुंडीच्या मानाने अगदी किरकोळ पैशांत. घासाघीस करण्यापेक्षा यादी द्या: "वीस लिटरच्या, तळ न फुटलेल्या पाच हव्यात, आल्या की बाजूला ठेवा."

पुण्यात 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ताई घरोघरी कचरा घेतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांची संघटना म्हणून काम करते आहे, त्यातूनच ही संस्था उभी राहिली. वेचलेलं भंगार विकणं हा या ताईंच्या कमाईचा मोठा भाग आहे. त्यांच्याकडून डबा-बादली फुकट मागू नये, योग्य पैसे द्यावेत. सोसायटीच्या कचऱ्यातून वस्तू परस्पर उचलण्याआधीही त्यांना विचारा. रोज शेकडो घरांतून काय निघतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे तुम्हाला काय हवंय ते त्यांना सांगून ठेवणं सगळ्यात कामाचं.

पुण्यातला मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवार-रविवारचा. तिथे कुंड्यांपेक्षा हत्यारं बघा: खुरपं, कात्री, विळा, झारी. खुरप्याची मूठ हलते का ते पाहायचं आणि पात्यावर नख मारून आवाज ऐकायचा. लोखंड चांगलं असेल तर वरचा गंज घासून निघतो. मुंबईत चोर बाजारात कुंड्यांसाठी जाण्यात अर्थ नाही, तिथे जुन्या वस्तूला शोभेच्या वस्तूचा भाव लागतो. त्यापेक्षा धारावीच्या कुंभारवाड्यात जा आणि कड उडालेल्या किंवा भाजताना वाकड्या झालेल्या कुंड्या विचारा. अशा मालाला गिऱ्हाईक नसतं. कड उडाल्याने झाडाचं काही बिघडत नाही. फक्त बोटाने टिचकी मारून पाहा. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर आत तडा आहे, तो पावसाळ्यात उघडा पडणार.

नर्सरीच्या पिशव्या आणि ट्रे

रस्त्याच्या दुभाजकावर किंवा नव्या सोसायटीच्या आवारात झाडं लावायचं काम चालू असलं की रोपं काळ्या पिशव्यांतून आणि कुंड्यांतून येतात, लावून झाली की त्यांचा ढीग तिथेच पडतो. ठेकेदाराच्या माणसाला संध्याकाळी काम संपताना विचारा. कुंडीतून काढलेल्या रोपाची कुंडी धडधाकट असते. भाजीची रोपं तयार करणाऱ्या रोपवाटिकांत खाचांचे प्रो-ट्रे असतात. एखादा कोपरा फाटला की ते त्यांच्या कामातून जातात, आपल्या चाळीस-पन्नास रोपांना चांगले चालतात. पुण्याच्या बाजूला सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्यांची रांगच आहे. तिथे कुठल्या कामाने जाणं झालं तर गाडीत दोन रिकामी पोती टाकून जा.

हे फुकट मिळालं तरी घेऊ नका

कीटकनाशकाचे, तणनाशकाचे, ॲसिडचे, थिनरचे डबे आणि ड्रम. कितीही वेळा धुतले तरी नाही. निळे २०० लिटरचे ड्रम अर्धे कापले की दोन मोठ्या कुंड्या होतात म्हणून सगळ्यांना हवे असतात, पण त्यातले बरेच रसायनांच्या कारखान्यांतून आलेले असतात. लेबल शाबूत असलेला, खाद्यपदार्थाचा ड्रम मिळाला तरच घ्या. विकणारा "साबणाचा होता" म्हणाला आणि लेबल खरवडलेलं दिसलं, तर नको. प्लास्टिकच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. २ किंवा ५ असेल तर प्लास्टिक टिकाऊ आणि भाजीला योग्य जातीचं. मात्र हा आकडा प्लास्टिकची जात सांगतो, आत काय भरलं होतं ते सांगत नाही.

ठिबकासाठी काही जण दवाखान्यातल्या वापरलेल्या सलाईनच्या बाटल्या आणि नळ्या आणतात. तो वैद्यकीय कचरा आहे, त्याला हात लावू नका. पाण्याच्या साध्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडून तेच काम होतं. लग्नाच्या स्टेजवरचा फुलं खोचायचा हिरवा स्पंजही मातीत घालू नका, तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही.

माती कमी, बाकी भरणं जास्त

माती विकत घ्यायला महाग आणि गच्चीला जड. म्हणून कुंडीचा मोठा भाग दुसऱ्याच गोष्टींनी भरायचा. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाची चिपाडं आणि अगदी थोडी माती वापरून भाजी पिकवण्याची पद्धत लोकांना शिकवली, तिचा हाच गाभा होता.

रसवंतीवाला चिपाडं आनंदाने देतो, ती उचलून न्यायला त्यालाच माणूस शोधावा लागतो. पण ताजी चिपाडं थेट कुंडीत घातली तर गोडाने मुंग्या येतात आणि आत आंबण सुरू होतं. आधी पाण्यातून काढा, आठवडाभर उन्हात पसरा, मग तुकडे करून वापरा. शहाळेवाल्याकडून सालं आणा. तळाशी सालीचा दोन-अडीच इंचाचा थर दिला की पाणी निचरतंही आणि शेंड्या ओल धरूनही ठेवतात. लहान शहाळ्याला तळाशी भोक पाडून त्यातच रोप तयार करता येतं, नंतर ते शहाळ्यासकट मातीत लावायचं.

पालापाचोळा पानगळीत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये साठवून ठेवा. तेव्हा जेवढी पोती भराल तेवढी वर्षभर लागतात. बंगल्यांच्या आवारातल्या माळ्याला सांगितलं की तो जाळण्याऐवजी तुमच्यासाठी भरून ठेवतो. पुण्यात 'ब्राउन लीफ' या उपक्रमाने पानं नको असलेल्यांची आणि हवी असलेल्यांची गाठ घालून दिली. तुमच्या गावात असं काही नसेल तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दोन ओळी टाकूनही तेच होतं.

शेण गोठ्यातून आणा, पण ताजं घालू नका, मुळं जळतात. कोपऱ्यात ढीग करून चार-सहा महिने कुजलेलं, हातात घेतलं की वास न येणारं खत हवं. चहाच्या टपरीवरचा चोथा साखर-दुधाचा असतो, म्हणून धुऊन वाळवून कंपोस्टमध्ये. सुताराकडचा भुसा अस्सल लाकडाचा असेल तरच, प्लायवुडचा किंवा एमडीएफचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. चुलीची राख मात्र हात राखूनच वापरा. देशावरची काळी माती मुळातच अल्कधर्मी असते, राखेने ती आणखी तशी होते आणि पानं पिवळी पडायला लागतात.

भरायचा क्रम असा: तळाला शहाळ्याची सालं, वर चिपाडं आणि पाचोळा दाबून, त्यावर शेणाचं पातळ पाणी शिंपडायचं, पुन्हा पाचोळा. कुंडी दोन तृतीयांश अशी भरली की वरचा एक तृतीयांश भाग माती आणि खत निम्मं-निम्मं. पंधरा दिवस ओलसर ठेवा आणि मग रोप लावा. महिन्या-दोन महिन्यांत भरणं खाली बसतं, तेव्हा वरून पुन्हा भर घालायची. हे सतत करावं लागतं, त्याचा कंटाळा करू नका.

कुणी घर बदलताना मातीसकट कुंड्या दिल्या तर त्या जरूर घ्या. फक्त माती मोकळी करून मुळं तपासा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी आहेत, ती माती भाजीला नको. कुंडीच्या ओठाखाली आणि तळाच्या भोकांत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. अशी कुंडी घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात अर्धा तास बुडवून, धुऊन उन्हात वाळवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. बाकीची माती एप्रिल-मेमध्ये ओली करून, पारदर्शक प्लास्टिकखाली पातळ थरात पसरून, कडा दाबून महिनाभर ते दीड महिना ठेवा. आपल्याकडच्या उन्हात बराचसा रोग आणि तणाचं बी मरतं.

भोकं

यावर झाड जगणार की सडणार हे ठरतं. वीस लिटरच्या बादलीला करंगळी जाईल एवढी पाच-सहा भोकं हवीत. ती सगळी तळालाच पाडू नका. दोन-तीन बाजूला, तळापासून इंचभर वर पाडा, कारण सपाट जमिनीवर बादलीचा तळ चिकटून बसतो आणि खालची भोकं बंद होतात. प्लास्टिकला ड्रिल उत्तम. तापवलेला खिळा वापरायचा असेल तर उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून, तो धूर छातीत जाऊ देऊ नका.

पत्र्याच्या डब्याला खिळा आतून बाहेर ठोका. बाहेरून आत ठोकला तर भोकाभोवती पत्र्याची कड आत उभी राहते, पाणी तिच्यापर्यंत साचतं आणि डबा तळातून गंजतो. मातीच्या कुंडीला भोक नसेल तर ती रात्रभर पाण्यात भिजवा आणि ड्रिलला सिमेंटच्या भिंतीत भोक पाडायचं बिट लावून, जोर न देता, हळूहळू पाडा. भोकांवर कौलाचा तुकडा ठेवला की माती वाहून जात नाही.

बाकीचं सामान आणि त्याचा हंगाम

गणपतीनंतर मांडववाल्याकडे तुटलेले बांबू आणि काथ्या उरतो, वेलांना तेवढं पुरे. दसरा-दिवाळीचे झेंडूचे हार दोरा काढून कंपोस्टमध्ये घाला, चार फुलं वाळवून बी ठेवा. संकरित झेंडू असेल तर रोपं हुबेहूब तशी येणार नाहीत, पण फुलं येतात. जुनी मच्छरदाणी पक्ष्यांपासून राखण करते, सुती साडीच्या चिंध्या रोप बांधायला सुतळीपेक्षा मऊ. घरं बदलायचा हंगाम एप्रिल ते जून. त्या दिवसांत सोसायटीच्या वॉचमनकाकांशी बोलून ठेवा, कोण घर सोडतंय ते त्यांना आधी कळतं.

रोपं पावसाच्या सुरुवातीला, लोक छाटणी करतात तेव्हा मागा. जास्वंद, मोगरा, तगर फांदीने, पुदिना आणि पानओवा काड्यांनी, गवती चहा आणि अळू शेजारच्या गड्ड्यातून. धणे, मेथी, मोहरी स्वयंपाकघरात आहेतच. धणे चुरडून दोन फाका करून पेरायचे.

गच्चीवर नेण्याआधी

ओली माती लिटरला दीड किलोच्या आसपास भरते. नुसत्या मातीने भरलेली वीस लिटरची बादली म्हणजे तीस किलो. अशा वीस बादल्या एका जागी ठेवल्या तर सहाशे किलो झाले. जड कुंड्या भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथे ठेवा, पुढे निघालेल्या बाल्कनीच्या टोकाला नको, आणि कठड्यावर तर काहीच नको. सोसायटीची परवानगी लेखी घ्या. कुंड्या विटांवर किंवा जुन्या कौलांवर उचलून ठेवल्या की गच्चीची ओल दिसत राहते आणि गळती वेळेत कळते. खालच्या ताटल्या, रिकामे डबे आणि पालथे न ठेवलेले ड्रम यांत पाणी साचलं की डेंग्यूचे डास होतात. आठवड्यातून एक वार ठरवून सगळं पाणी ओतून, ताटल्यांच्या कडा घासून टाका, कारण डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात.